आत्याच्या खुब्यातली भर

प्रिय आत्या,

आधी माझी चूक दुरुस्त करते, ख्यालीखुशाली मग. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, की झिजलेल्या खुब्यात हाडाचं पीठ भरतात. ते चूक आहे. पीठ नाही, खडे भरतात, हरभऱ्याएवढे. तेव्हा मी या विभागात नवीन होते, ऑपरेशन लांबून पाहिलं होतं आणि जे दिसलं ते तुला कळवून मोकळी झाले. तू ते पीठच धरून बसलीस. बाबा फोनवर सांगत होते, की इस्त्रीला कपडे टाकायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तू ऐकवतेस, "पिठावर कुणी उभं राहिलंय का?" आणि तुझा चौदा वर्षांपूर्वी बसवलेला खुबा ढिला होऊन आतलं हाड खातोय, तरी दुसरं ऑपरेशन नको म्हणतेस. टायपिस्टबाई, आत्याला वाचता येत नाही म्हणून हे तुम्हीच तिला वाचून दाखवताय ना, मग एवढं वाक्य दोनदा वाचा: पीठ नाही, खडे.

गंमत म्हणजे ते पीठ माझ्याही डोक्यात घट्ट बसलं होतं. हाड बारीक करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा पहिल्याच दिवशी मी इतकं मन लावून बारीक केलं, की मोठ्या सर्जन मॅडमनी भांड्यात बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "छान! आता बाळाला पावडर लावूया." सगळं थिएटर हसलं. मग त्यांनी समजावलं, की भुकटी दाबली की सरकते, खडे ठोकले की एकमेकांत अडकून बसतात. आता मी चिमट्याने कुरतडून खडे करते, कोमट सलाइनने त्यांची चरबी धुते, आणि समाधान झालं नाही की पुन्हा धुते. तू मला शंकेखोर म्हणतेस ते उगाच नाही. मॅडम ते हाडातल्या खड्ड्यात भरून हातोडीने ठोकतात. सुरुवातीला आवाज भद्द भद्द येतो. भर गच्च बसली की खणखणीत होतो. मगच तिच्यावर खुब्याची नवी कृत्रिम वाटी बसते. तो आवाज बदलला, की मला आतून उड्या माराव्याशा वाटतात.

दुसरी तुझी शंका, की कुणा मेलेल्या माणसाचं हाड अंगात घ्यायचं. आमच्याकडे ते हिंडत्याफिरत्या माणसांचं असतं. ज्यांचा खुबा पहिल्यांदाच बदलतात, त्यांच्या हाडाचा झिजलेला गोळा काढावाच लागतो. त्यांना विचारून, तपासण्या करून, तो आम्ही गोठवून ठेवतो. विचारायचं काम माझंच. गेल्या आठवड्यात एका म्हाताऱ्या बस ड्रायव्हरना विचारलं, तर म्हणाले, "घेऊन जा पोरी, जन्मभर लोकांना पोचवलं, आता हाही पोचू दे कुणाला तरी." बायको शेजारीच होती. ती म्हणाली, "अहो डॉक्टर, ज्यांना घालणार त्यांना आधी सांगा हो, हाड फार हट्टी आहे म्हणून!" मला सही घ्यायचं सुचेना, इतकी हसले.

आणि काल तर एक शिवणकाम करणाऱ्या काकू तपासणीला आल्या. त्यांचं ऑपरेशन वर्षापूर्वी झालं होतं. तेव्हाच्या एक्सरेत खडे सुटेसुटे दिसत होते, कालच्यात शोधूनही सापडेनात. काकूंच्या शरीराने त्यांच्यात स्वतःचं हाड भरलं होतं. मी फिल्म उजेडाकडे धरून बघत राहिले, तोवर काकूंनी हौसेने त्याच एका पायावर उभं राहून दाखवलं आणि मॅडमचा ओरडा खाल्ला. सगळ्यांचं असं होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. कधी जंतू लागतात, कधी वाटी पुन्हा ढिली होते. कित्येक आठवडे पायावर पूर्ण भार टाकायचा नाही, म्हणजे इस्त्रीपाशी उभं राहणं बंद. टायपिस्टबाई, हे गाळू नका. आत्या रागावली तरी चालेल.

आता खरं सांगते, पत्र का लिहिलं ते. परवा बाबांनी तुझी अट कळवली: "पोरगी स्वतः करणार असेल तरच येते." औषधाच्या बाटलीवरचं नाव घरात पहिल्यांदा मी वाचलं, तेव्हापासून तुमचा माझ्यावर जीव आहे आणि सगळा भरवसाही. मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या, निदान हाड तरी तू तयार कर. मी नाही म्हणाले. तुझ्यावर हातोडी पडताना माझं लक्ष खड्यांवर राहणार नाही, आणि अर्ध्या लक्षाने केलेलं काम तुझ्या हाडात नको. मॅडमचा हात मी रोज बघते. तो आपल्या माणसाला द्यावा, असा आहे. मी त्या दिवशी डॉक्टर नसेन, तुझी भाची असेन. बाहेरच्या बाकावर बाबांशेजारी बसून त्यांचं डोकं खाईन, आणि तू डोळे उघडशील तेव्हा समोर असेन. रजा मंजूर झाली आहे. नाही म्हणायचं असेल तर माझ्या तोंडावर म्हण. मंगळवारी, नऊ मार्चला, सकाळी तू दुकान उघडायच्या आत, मी तुला न्यायला गाडी घेऊन दारात येते आहे.

तुझीच,
शंकेखोर