पुठ्ठ्यावर शिवलेले खिळे

लालबाग, दि. ९ जानेवारी १९५६

चि. राजाराम यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

दिल्लीच्या थंडीत स्वेटर घालतोस ना, की शास्त्रज्ञांना थंडी वाजत नाही? तुमच्या सरकारी प्रयोगशाळेच्या नकाशावरून ह्यांच्या परळच्या कारखान्यात घासलेटचा स्टोव्ह तयार झाला. एक घरी आणून पेटवून पाहिला, पण चाळीच्या गॅलरीतून वारा आला की ज्योत लाल होते नि धूर सुटतो. सासूबाई खोकून बेजार आहेत. ह्यांनी कानशीने बर्नरच्या खालच्या ओळीची भोके मोठी केली, तर ज्योत निळी राहिली. मालक बाबुराव म्हणतात, सरकारी नकाशाला मंजुरीशिवाय हात लावायचा नाही, नाहीतर मी स्टोव्हचे कामच सोडून देईन. तू तुझ्या साहेबांशी बोल.

माया आहे ती अशीच राहू दे.
तुझी, कालिंदीअक्का

नवी दिल्ली, दि. १५ जानेवारी १९५६

ती. सौ. अक्कास शि. सा. नमस्कार, वि. वि.

स्वेटर घालतो. खरे सांगतो, आधी रागच आला. दोन वर्षे गणित केले आहे. मग ध्यानात आले, आमच्या बंद खोलीत वारा कधी शिरलाच नाही. साहेब म्हणाले, फिटरच्या शब्दावर नकाशा बदलत नाहीत, मापे आणा. फेब्रुवारीच्या मध्यावर बैठक आहे. भाऊजींनी भोकांची मापे त्याआधी पाठवावीत.

लोभ कमी करू नये.
राजाराम

लालबाग, दि. ४ फेब्रुवारी १९५६

चि. राजाराम यास आशीर्वाद.

गेल्या महिन्यातल्या गोळीबारात ह्यांच्या उजव्या हाताला गोळी लागली. अंगठा नि दोन बोटे काढावी लागली. लोक विचारतात, मोर्च्यात होते का? होते. मुंबई आपली म्हणून ओरडत होते.

तुझे पत्र इस्पितळात वाचून दाखवले. म्हणाले, आता कानस कोण धरणार? मग तोंड फिरवून पडून राहिले. मापायची हत्यारे घरी नाहीत. मी घरच्या स्टोव्हच्या भोकांत निरनिराळे तारेचे खिळे घालून पाहिले. ज्या ओळीत जो घट्ट बसला, तो पुठ्ठ्यावर ओळीने शिवून पाठवते आहे. तुमच्या साहेबांना हसू आले तर येऊ दे.

तुझी, अक्का

नवी दिल्ली, दि. २२ फेब्रुवारी १९५६

ती. सौ. अक्कास व ती. भाऊजींस शि. सा. नमस्कार.

कोणी हसले नाही. साहेबांनी एकेक खिळा स्वतः मोजला, तशी भोके पाडून घेतली आणि पंख्यासमोर स्टोव्ह पेटवला. दिवसभर ज्योत निळी होती. नकाशा बदलला. अहवालात छापले आहे : दुरुस्ती श्री. आनंदा परब यांची, मापे सौ. कालिंदी परब यांची. भाऊजींना सांग, ती ओळ मी लिहिली, पण साहेबांनी सांगितली म्हणून.

आपला, राजाराम

लालबाग, दि. १२ मे १९५६

चि. राजाराम यास आशीर्वाद.

काल बाबुराव नव्या नकाशाचा पहिला स्टोव्ह घेऊन आले. काडेपेटी मी धरली, काडी ह्यांनी डाव्या हाताने ओढली. सासूबाईंनी भाकरी भाजली नि शेवटपर्यंत जवळ बसल्या. हे ज्योतीकडे बघत राहिले. महिनोन्‌महिने कारखान्याचा विषय नव्हता, काल आपणहून म्हणाले, दुसरी ओळसुद्धा जरा मोठी हवी, राजारामला लिही.

आज सकाळी डबा घेऊन कामावर गेले.

तुझी, अक्का