संध्याकाळ न सरणाऱ्या ग्रहावरची मिरची

पुणे, २ सप्टेंबर २०२५

ती. स्व. सौ. कोकिळाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला रडू देत नाहीस, म्हणून लिहितेय. संशोधनाच्या जागेसाठी निबंध मागितला होता, दूरच्या ग्रहावर जायचं तर काय काय करावं लागेल. मी चाळीस प्रकाशवर्षांवरचा ग्रह घेतला. त्याची एक बाजू कायम उन्हात, दुसरी कायम अंधारात, मधल्या पट्ट्यात सदाची संध्याकाळ. तिथे मी शेडनेट उभारून तुझी मिरची लावली.

सरांनी निबंध परत केला. म्हणाले, आजच्या यानाने पोचायला सात लाख वर्षं लागतील, मग ही मिरची खाणार कोण? वीस तारखेपर्यंत नव्याने लिहायची मुभा आहे, पण डोकं चालत नाही. बाबा म्हणतात, नांदुऱ्याच्या शाळेत शिक्षिकेची जागा आहे, निघून ये. येते बहुतेक.

माझ्यावर रागावलीस तरी माया असू दे.
तुझी अर्पिता

साखरखेर्डा, ७ सप्टेंबर

चि. अर्पितास अनेक आशीर्वाद.

पत्र शेडनेटमध्येच सगळ्या बायांना वाचून दाखवलं. वंदना लगेच म्हणाली, पोरीले विचारा, सांज सरतच नाही तर तिथं क्रॉसिंग कवा करन? खरंच की! संध्याकाळी आपण कळीतले नर काढतो, सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग लावून खुणेचा दोरा बांधतो. तीन सुट्ट्या आमच्यात दोरे बांधलेस आणि नेमकं हेच विसरलीस? कान पिळायला हवा तुझा.

उत्तर मीच दिलं. कळी घड्याळ बघत नाही. उमलायला आली की फुगते, पांढरी पडते. तिच्यावरून दिवस धरायचा.

आता तुझ्या सरांचं. बावीस वर्षं मी मिरचीचं बी करते. कंपनी ते नेते, कुठल्या मुलखात पेरतात देव जाणे. त्या मिरचीचा ठेचा मी एकदाही चाखलेला नाही. म्हणून मी एक तरी कळी हयगयीने सोडली का? सरांना हे विचार.

शालिग्राम तुझा बाप असला तरी माझा धाकटा भाऊ आहे, त्याला मी बघते. तू आधी लिही. सोबत लाल दोरा पाठवतेय.

वेळेवर जेवत जा, आत्याची आठवण ठेव.
कोकिळा

पुणे, २१ सप्टेंबर

ती. स्व. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

निबंध काल दिला. निघणारे पोचणार नाहीत, हे पहिल्याच ओळीत लिहिलं. यानात पिढ्यान्‌पिढ्या क्रॉसिंग चालेल आणि प्रत्येक आई पुढच्या हातात बी देईल. तिथला दिवस कळीवरून धरलाय. वंदनामावशीचा प्रश्न तिच्या नावासकट घातला आहे.

सरांनी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात वाचलंस? म्हटलं, आत्याने सांगितलं. ते हसले नाहीत. वहीत लिहून घेतलं.

निकाल दिवाळीनंतर. जागा नाही मिळाली तर पुढच्या वर्षी पुन्हा देईन. बाबांना सांग, मी नांदुऱ्याला येत नाही.

निबंधाची पानं तुझ्या लाल दोऱ्यानेच बांधली. दोरा बांधला की त्या फुलापाशी रेंगाळायचं नाही, हे तूच शिकवलंस. आज सकाळीच पुढचं गणित काढून बसले आहे.

बायांना नमस्कार सांग आणि मला अशीच दटावत राहा.
तुझी अर्पिता