तिरक्या काचेचं माप

१४ एप्रिल

ती. अण्णांस,

पडद्याचे खिळे ठोकायला काय अक्कल लागते, हे तुम्ही आईच्या हातून पुन्हा लिहवलंत. स्वतः दोन ओळी लिहायच्या तर तुमचा हात भरून येतो, टोमणा सांगायला जीभ मात्र बरी चालते. शिंप्याच्या पोराने दुसऱ्याच्या घरात शिडीवर चढावं, हे तुम्हाला लागलंय, ते मला माहीत आहे. पण खिळे आम्ही ठोकत नाही, स्क्रू पिळतो. एवढं तरी नीट लिहवत जा.

असो. नमस्कार. मी बरा आहे. वेळेवर जेवतो. आईला म्हणावं, मोजे घालतो.

तुम्ही जे विचारलंय त्याचं उत्तर देणार आहे. आधी कामाचं ऐका.

इथे सपाट छताला मोठं भोक पाडून त्यावर काचेचं बुटकं छप्पर बसवतात, पेटीवर उतरतं झाकण ठेवावं तसं. दिसायला राजेशाही, पण उन्हाळ्यात खालचा माणूस भाजून निघतो आणि थंडीत वरून गारवा डोक्यावर उतरतो. मग लोक आमच्या दुकानात पडदे बघायला येतात आणि फक्त रंग विचारतात. आम्ही विचारतो, खाली करता काय, कुठल्या वेळी, आणि ऊन कुठल्या बाजूने येतं. जेवायचं टेबल असेल तर पातळ कापड, उजेड गाळून घेणारं. झोपायचं असेल तर जाड, पाठीला चंदेरी, म्हणजे ऊन आल्या पावली परत जातं. तुम्ही नाही का विचारायचात, पँट बसायला शिवू की उभं राहायला?

तर एक बेकरीवाला आला. रात्रभर भट्टीपुढे उभा, त्यामुळे दिवसा झोपतो, आणि पलंग नेमका काचेखाली. त्याच खोलीच्या दुसऱ्या टोकाला त्याची बायको कुंड्यांत रोपं वाढवून विकते. त्याला अंधार हवा, तिला आभाळ. आमच्या मालकीणबाईंनी नमुन्याची कापडं पुढे ठेवली, तर नवराबायको त्या तुकड्यांवरून भांडायला लागले. बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, कोटाला पण कधी कधी अर्धंच अस्तर लावतात की. पलंगावरच्या काचांना जाड लावू, रोपांवरच्यांना पातळ. बायको हसली. नवरा म्हणाला, मला काय, माझा अर्धा अंधारात आला म्हणजे झालं.

पण पलंगावरची टोकाची काच तिकोनी, आणि खोली जुन्या भिंतीला टेकवून वाढवलेली, म्हणून तिकोनही वाकडा, एका खांद्यावर झुकल्यासारखा. असे तुकडे आम्ही कारखान्यातून कापून आणतो, नुसते आकडे कळवून. पहिला आला, तर फटीतून उन्हाची पट्टी थेट बेकरीवाल्याच्या डोळ्यावर. दुसरा आला, तर पट्टी नाकावर. तो पलंगावर उठून बसला आणि बाईंना म्हणाला, "पैसे परत द्या, मी टोपी घालून झोपतो."

बाईंचा चेहरा उतरला. मी मध्येच बोललो की मला कापू द्या. बाई म्हणाल्या, हे कापड महागाचं आहे. बिघडलं तर वर्षभर शिडीच वाहशील. जमलं तर तिरक्या काचा सगळ्या तुझ्या, माप तुझं, कात्री तुझी.

मी छतावर चढलो. काचेवर खाकी कागद पसरला, कडेकडेने खडू फिरवला आणि खाका कापला. आतली चौकट थोडी लहान असते, तेवढं कमी केलं. दुकानात येऊन कापड टेबलावर पसरलं, वर खाका ठेवला, कात्री उचलली. आणि अण्णा, तुमचा आवाज आला. "दोन्ही बाह्या डाव्याच."

तो पोस्टमास्तरांचा कोट आठवतो ना? मी कापलेला. तुम्ही ओरडला नाहीत. दारासमोरच्या खिळ्याला टांगून ठेवलात, येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा. मी त्या कोटामुळे पळालो असं तुम्ही सगळ्यांना सांगता. मी म्हणतो, दिवसभर एका स्टुलावर बसवत नव्हतं म्हणून गेलो. ते भांडण राहू दे. पण माप मी वरून घेतलं होतं आणि पडदा लागणार होता खालून. म्हणजे डाव्याचं उजवं. मी खाका उलटा केला.

तरी लगेच कापलं नाही. आधी जुनी चादर कापून कच्ची टाचली, शिडीवर चढून चौकटीत धरून बघितली, मग खरं कापड.

भर दुपारी बसवलं. दोरी ओढली, आणि अंधार कोपऱ्यापर्यंत सरळ चालत गेला. पट्टी नाही, ठिपका नाही. पलीकडे रोपांवर दुधासारखा उजेड. बेकरीवाला बुटांसकट आडवा झाला. आम्ही खाली उभे. बाईंनी विचारलं, "कसं वाटतंय?" त्याच्या बायकोने ओठांवर बोट ठेवलं. तो झोपला होता.

आम्ही चोरासारखे बाहेर आलो. शिडी बाईंनी उचलली, अण्णा. मी उचलायला वाकलो तर म्हणाल्या, तू कात्री सांभाळ.

आता तुमचं विचारणं. महिनाअखेर परत ये, नाहीतर कोपऱ्यातलं मशीन विकतो. त्यावरचं फडकं आई अजून झटकते, तिने लिहिलंय. तुम्ही कुणाला तिथे बसू देत नाही, हेही लिहिलंय. तुम्ही सांगितलं नसणार ते लिहायला.

मी परत येत नाही. एवढी पानं फिरवून हेच लिहायचं होतं, हात धजत नव्हता.

पण मशीन विकू नका. ते माझं आहे, असं तुम्हीच म्हणायचात. इथलं मशीन जाड कापडाला धापा टाकतं. ते कोपऱ्यातलं इकडे पाठवा. आणि एकट्याला पाठवू नका, त्याचा पट्टा तुमच्याशिवाय कोणाच्या हाताने नीट बसत नाही. ती काच तुम्हाला दाखवायची आहे. दुपारी जाऊ, चपला दाराबाहेर काढून, पाय न वाजवता. शिलाईत खोट सापडली तर बाहेर येऊन बोला.

आईला नमस्कार. कोट अजून खिळ्यावर असेल तर येताना घेऊन या. एक बाही उसवून नवी लावतो, उजवी.

तुमचा, स्टुलावर बसायला लागलेला,
भिंगरी

ता. क. मशीनचं भाडं आणि तुमचं तिकीट पाठवतोय. परतीचंही धरलंय, नाहीतर म्हणाल पोराने अडकवून ठेवलं. एकूण एकोणीस हजार चारशे रुपये.