सिंकसमोरची भिंत

प्रिय मिरेय,

फोन करायचं सोडून ही कॉरीन पत्र कशाला लिहीत बसली, असं तुला वाटेल. एक तर फोनवर तू "हं, हं" करत दुसऱ्या हातानं काहीतरी आवरत असतेस, मला इकडे भांड्यांचा आवाज येतो. दुसरं म्हणजे आम्ही अजून शेजारच्या फिलोमेनच्या माडीवरच राहतोय, आणि मी फोन कानाला लावला की नेमक्या तेव्हाच तिला जिना झाडायची हुक्की येते. त्यामुळे कागदच बरा. तुझ्या बाबांनी, आन्सेल्मनं, तुला एक प्रश्न विचारायचं काम माझ्या गळ्यात घातलंय. नोव्हेंबरच्या वाऱ्यात आपलं छप्पर उडालं, डोंगराकडची बाजू आडवी झाली, आणि उरलेलं घर दुरुस्त करण्यापेक्षा नवं बांधणं सोपं हे आता सगळ्यांना पटलंय. पण कसलं बांधायचं, लाकडाचं की काँक्रीटचं, यावर हिवाळाभर आमची बोलणी चालू आहेत. शेवटी आन्सेल्म म्हणाला, "मिरेयला विचार. ती म्हणेल तसं." म्हणजे तेरा वर्षं त्या घरात राबणारी मी, आणि निकाल हॅलिफॅक्सहून येणार. वाईट वाटलं, हे आधीच सांगून टाकते.

तर ऐक. काँक्रीट म्हणजे काही गोदाम नव्हे. जर्वे म्हणून एकजण आहे, तो थर्माकोलचे मोठमोठे पोकळ ठोकळे आणतो, मुलांच्या खेळण्यासारखे एकावर एक रचतो, आत सळ्या घालतो आणि पोकळीत काँक्रीट ओततो. थर्माकोल आतून-बाहेरून तिथंच राहतो, भिंतीला स्वेटर घातल्यासारखा. तिकडे हार्बरच्या टोकाला त्यानं एक घर बांधलंय, मी मुद्दाम स्वेत वारा वाहत असताना बघायला गेले. तुला माहीतच आहे, आपल्याकडे डोंगरावरून स्वेत उतरला की बोलायलासुद्धा ओरडावं लागतं. त्या घरात मला घड्याळाची टिकटिक ऐकू आली. खर्च जास्त आहे, पण सरपण निम्म्यावर येईल म्हणतात. तुझ्या इयासँतमामाचं म्हणणं अर्थातच उलट. "थर्माकोलमध्ये मासे ठेवतात, माणसं नाही," असं तो चारचौघांत म्हणाला. लाकडाचं घर वाऱ्याबरोबर जरा हलतं म्हणून टिकतं, नवे लोखंडी पट्टे मारले की छप्पर जागचं हलणार नाही, आणि उद्या एक खोली वाढवावीशी वाटली तर करवत घ्यायची आणि वाढवायची. काँक्रीटमध्ये जी चूक ओतली ती ओतली. हे सगळं खरं आहे. मामा तुझ्या आईचा भाऊ, पहिलं घर त्याच्याच हातचं, त्यामुळे त्याच्याशी वाद घालताना मला दर वेळी दोन माणसांशी वाद घातल्यासारखं होतं.

आता तिसरी गोष्ट, जी आन्सेल्मनं विचारायला सांगितलेली नाही. छप्पर उडालं त्या दिवसापासून गावात भेटेल तो मला एकच विचारतो, "डोंगराकडचं दार उघडलंस काय ग?" स्वेत असताना डोंगराकडचं दार उघडायचं नाही, हे इथल्या पोराला बोलता येण्याआधी कळतं. मी मॉन्क्टनची, सपाट गावातली, म्हणून हा प्रश्न. अगं, त्या वादळात मी त्या दाराकडे नुसतं बघितलंसुद्धा नव्हतं! फिलोमेन तर भल्या सकाळी चहाबरोबर तुझ्या आईचं सुरू करते. "लिओंतीन होती तोवर एक कौल हललं नाही बघ." कौलं नव्हतीच कधी आपल्या घरावर, लाकडी फळ्या होत्या, पण तिला कोण सांगणार. मी कोंबडीचा फ्रिको रस्सा केला तर लिओंतीन त्यात जरा जास्त पुदिना घालायची. मी परसात दोरीवर कपडे वाळत टाकले तर लिओंतीन पांढरे एकीकडे आणि रंगीत एकीकडे टाकायची. वारासुद्धा तिला विचारून वाहायचा असं वाटावं.

मला तुझ्या आईचा हेवा वाटतो, मिरेय. हे मी आजवर कुणाला बोलले नाही, आणि तुला सांगणं तर अगदीच बरं दिसत नाही. मेलेल्या बाईचा हेवा करून काय मिळणार? पण जिवंत सवत असती तर निदान तिला कधी सर्दी झाली असती, तिचं कधी जेवण करपलं असतं. ही कायम तिशीतली, कायम हसरी, आणि तिच्या हातची प्रत्येक गोष्ट चांगली. मी घरात आले तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. पहिल्याच दिवशी तू मला नीट समजावलंस, "आई हा शब्द आधीच दिलेला आहे, म्हणून मी तुला कॉरीन म्हणेन." तू काही वाईट मनानं बोलली नव्हतीस, शाळेतल्या बाकाबद्दल सांगावं तसं सांगितलंस. मी हो म्हटलं. त्या शब्दाचासुद्धा हेवा केला मी.

आणि सगळ्यात जास्त हेवा केला त्या भिंतीचा. सिंकसमोरची, समुद्राकडची. घर बांधताना, आतून जिप्समचे बोर्ड लागण्याआधी, भिंतीच्या उघड्या वाशांवर घरच्यांनी काहीतरी लिहायचं ही इथली रीत; कुणी नाव, कुणी प्रार्थना. तुझ्या आईनं त्या वेळी सगळ्यांना चहाला बाहेर पिटाळलं, सुतारी पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं, आणि कुणी परत यायच्या आत वर बोर्ड स्वतःच ठोकून टाकला. वाकडा. ती फट मी दर वर्षी बुजवत होते. काय लिहिलं कुणाला माहीत नाही, पण लिहिलंय हे सगळ्या गावाला माहीत. पाव्हणा आला की आन्सेल्म त्या भिंतीवर हलकेच थाप मारायचा आणि म्हणायचा, "इथे लिओंतीन आहे." मी समोर भांडी घासत असायचे. तीनदा मी ती भिंत रंगवली, पिवळी, मग हिरवी, मग परत पिवळी. एकदा, हसू नकोस, घरात कुणी नसताना मी तिला कान लावला होता.

मला तिथे खिडकी हवी होती. भांडी घासताना समोर समुद्र दिसावा, बोटी परत येताना दिसाव्यात, एवढंच. समुद्राकडून स्वेत येत नाही, खिडकीला काही धोका नाही. पहिल्या वर्षी विचारलं, नंतरही विचारत राहिले. आन्सेल्म चिडायचा नाही, उलट चेहरा पाडायचा आणि म्हणायचा, "तू म्हणशील तिथं खिडकी करू, कॉरीन. ती भिंत सोडून." त्याचा तो चेहरा पाहिला की मला स्वतःचीच लाज वाटायची, आणि लाज वाटली की जास्त राग यायचा. म्हणून तू खडूचं चित्र काढून दिलंस, आठवतं? समुद्र आणि एक लाल बोट. ते मी तिथं खिळ्यानं लावलं. तू लहान होतीस, पण तुला कळलं होतं.

तर आता तुला खरं कारण कळलं असेल. सरपण, वारा, टिकटिक, सगळं खरं आहे, पण मला काँक्रीट हवं होतं ते काँक्रीटमध्ये कुणाला काही लिहिता येत नाही म्हणून. आणि ते कुरकुरत नाही म्हणून. जुन्या घरात जिन्याची चौथी पायरी वाजली की आन्सेल्म मान वर करायचा. मला माहीत होतं तो कुणाची चाहूल घेतोय. मला एक मुकं घर हवं होतं. इयासँतमामानं त्याची बाजू मांडताना म्हटलं, की ते जुने वासे धड आहेत, त्यावरचं लिओंतीनचं अक्षर काढून न टाकता तेच नव्या घरात परत बसवता येतील. आन्सेल्मचे डोळे भरून आले. मी उठून बाहेर गेले आणि गाडीत जाऊन बसले. काँक्रीट, काँक्रीट, काँक्रीट, असं एकटीच पुटपुटत होते, वेड लागल्यासारखी.

गेल्या आठवड्यात बर्फ वितळलं, तशी मामा आणि आन्सेल्म ती भिंत उघडायला गेले. मी जाणार नव्हते. शेवटच्या क्षणी कोट घातला आणि गेले, कारण घरी बसून फिलोमेनचं तोंड बघण्यापेक्षा ते परवडलं. मामानं बोर्ड इतक्या हळू काढला की जणू आत कुणी झोपलंय. आन्सेल्मनं टोपी काढून हातात घेतली. वाशांवर पेन्सिलीची अक्षरं होती, मोठी, उजवीकडे चढत गेलेली, अगदी तुझ्या अक्षरासारखी. तिघंही वाचायला लागलो. तुझ्या आईनं लिहिलं होतं: "आन्सेल्म, इथे खिडकी हवी हे तुला तीनदा सांगितलं. तू म्हणालास पुढच्या वर्षी. हे वाचतोयस म्हणजे शेवटी भिंत फोडलीस. आता नीट मोठी कर, कंजूसपणा करू नकोस."

मग मामा हसायला लागला, हसता हसता खाली बसला, डोळे पुसायला लागला, आणि पुसत पुसत म्हणाला, "अशीच होती भवानी. अगदी अशीच." आन्सेल्म हातातली टोपी फिरवत उभा होता, शिक्षिकेनं रागावलेल्या पोरासारखा. इतकी वर्षं ज्या भिंतीला त्यानं हात लावू दिला नाही, ती तिनं त्याला फोडायलाच सांगितली होती. फोडली की सापडेल म्हणून गंमत करून ठेवली होती बिचारीनं, आणि पुढचं वर्ष तिला मिळालंच नाही. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "तू पण तेच सांगत होतीस." मी म्हटलं, "तिच्यापेक्षा जास्त वेळा सांगितलं." ते तसं बोलायला नको होतं. पण त्या भिंतीसमोर, त्या बाईसमोर, पहिल्यांदाच मला बरोबरीनं बोलल्यासारखं वाटलं.

हेवा गेला असं तुला वाटत असेल तर ते मनातून काढून टाक. उलट वाढलाय. आधी मी एका देवीचा हेवा करत होते, आता एका खमक्या, चिडक्या, गमतीदार बाईचा करतेय, जी मला शेजारी मिळाली असती तर आम्ही दोघींनी मिळून आन्सेल्मला सरळ केलं असतं. शिवाय खिडकी मागितली मी, वर्षानुवर्षं तोंड वाजवलं मी, आणि आता गाव काय म्हणतंय माहीत आहे? लिओंतीनची खिडकी! फिलोमेननं परवा चहाबरोबर हे मला दोनदा ऐकवलं.

मामा त्या दिवसापासून जरा निवळलाय. दोन-तीन दिवसांपूर्वी तो जर्वेकडे स्वतः गेला, ठोकळे हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले, वास घेतला, नाक मुरडलं, आणि परत येऊन म्हणाला की काँक्रीट ओतताना खिडकीच्या जागी लाकडाची जाड चौकट आधी बसवावीच लागते, नाहीतर भोक बुजून जाईल. ती चौकट तो त्या जुन्या वाशांची करील. मग घर कसलंही होवो. लाकडाचं केलं तरी तीच चौकट बसेल. म्हणजे काँक्रीट की लाकूड हे तुझ्याकडून यायचंय ते येऊ दे, मी खरंच त्यावर भांडणार नाही. मला काँक्रीटच आवडेल, पण तू लाकूड म्हणालीस तर मी लाकडाच्या घरात राहीन आणि चौथ्या पायरीला तेल घालीन. फक्त खिडकी तिथंच हवी, आणि मोठी.

आता हे पत्र मी मुळात कशासाठी लिहायला घेतलं ते सांगते, कारण घराचा प्रश्न दोन ओळींत विचारता आला असता. मामानं चौकट कापून ठेवलीय. एका बाजूच्या वाशांवर तुझ्या आईचं अक्षर आहे, ते पट्टीच्या आत झाकलं जाईल, आहे तसं राहील. समोरच्या बाजूचा वासा कोरा आहे. मामानं पेन्सिल माझ्या हातात दिली आणि चहा प्यायला बाहेर निघून गेला. मी बराच वेळ तिथं उभी राहिले. काय लिहू? "कॉरीन" लिहिलं तर कुणीतरी पाव्हणी येऊन सही करून गेल्यासारखं दिसेल. दुसरं जे लिहावंसं वाटलं ते लिहायचा मला हक्क नाही, तो शब्द तू आठ वर्षांची असताना सांभाळून ठेवला होतास आणि तुझं बरोबरच होतं. म्हणून मी पेन्सिल परत ठेवली. आन्सेल्म खेकड्यांच्या हंगामाला बोट काढायच्या आत तू एकदा ये, मिरेय. तुझ्या आईचं अक्षर तुझ्या डोळ्यांनी बघ. आणि समोरच्या वाशावर माझं नाव तू लिही. कुठलं लिहायचं ते मी तुला विचारणार नाही, मीसुद्धा चहा प्यायला बाहेर जाईन.

तुझीच,
कॉरीन