सोमवारचा गंज

४ मार्च, सोमवार
गंजाचा आकडा पुन्हा वर! साहेब म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत बघू. नाहीतर तुमच्या त्या कांड्या काढा आणि पूर्वीसारख्या पट्ट्या टांगा." म्हणजे लोखंडाच्या पट्ट्या तीन महिने पाण्यात सोडायच्या, मग काढून वजन करायचं — किती झिजल्या ते. तोवर नळ्यांची चाळण! माझ्या तीन लोखंडी कांड्या कारखान्याच्या कूलिंगच्या पाण्यातच बसतात. त्यांना इवलासा विजेचा दाब द्यायचा. किती प्रवाह वाहतो त्यावरून आत्ता, या घटकेला गंज किती वेगाने चढतोय ते कळतं. हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला.

११ मार्च, सोमवार
पुन्हा वर. शुक्रवारपर्यंत शहाण्यासारखा खाली आला होता! गंज रोखायचं औषध वाढवलं — ढिम्म. साहेब सगळ्यांसमोर: "गंजालासुद्धा सुट्टीनंतर कामावर यायचा राग येतो का हो?" सगळे खो खो हसले. मीही हसले. आतून नुसता जळफळाट.

घरी नवऱ्याला सांगितलं, तर म्हणे, "सोमवारी तुझाही पारा चढतोच की." याला काही सांगण्यात अर्थ नाही.

१८ मार्च, सोमवार
आज लवकर गेले आणि चोर सापडला. फिटरकाका! कांड्या बसवलेल्या बाजूच्या नळीची झडप बंद करून, त्या बाहेर काढून, पॉलिशपेपरने घासत बसलेले. एकदम लखलखीत! "ताई, साहेब सोमवारी राउंडला येतात. तुमचं यंत्र काळंकुट्ट दिसायला नको, म्हणून…"

मी कपाळावर हात मारला. घासलेलं लोखंड सुरुवातीला भराभर गंजतं, औषधाचा थर बसला की शांत होतं. दर सोमवारी काका तो थरच उतरवत होते — माझी लाज राखायला! रागावू की हसू? "मळकटच राहू द्या काका, नळीसुद्धा आतून मळकटच आहे," म्हटलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं. मग दोघांनी चहा घेतला. फार माया वाटली त्यांची.

साहेबांना सगळं सांगून टाकलं. "हं," एवढंच म्हणाले.

२५ मार्च, सोमवार
आकडा खाली. खालीच! काका आता कांड्यांना लांबूनच नमस्कार करतात.

२८ मार्च, गुरुवार
आकडा एकदम तिप्पट. तडक काकांकडे — "पुन्हा घासल्यात ना?" "आईशप्पथ ताई, बोट नाही लावलं!" रडकुंडीला आले बिचारे. कांड्या काढून पाहिल्या. काळ्याच, ठेवल्या तशा. म्हणजे पाण्यातच बिघडलंय काहीतरी! धावत औषधाच्या पंपापाशी गेले, तर साहेब आधीच तिथे. गुडघ्यांवर बसून, औषध अडवून धरणारी नळीतली हवा काढत होते.

"आकडा बघितला," म्हणाले. "तुम्हाला विचारायला थांबलो नाही."