आजोबांची बंदूक भरलेली आहे

शेन,

आजोबांची ठासणीची बंदूक मी कपाटावर ठेवलीय, हात लावू नकोस. साफ करायला नळीत गज घातला तर तो तळाच्या वीतभर आधीच अडला. म्हणजे आजोबांनी ठासलेली दारू अजून आत आहे. गंज सुटावा म्हणून तू आज नळी गॅसवर तापवणार होतास, ते अजिबात करू नकोस. मी टेंभी नाक्याजवळच्या बंदूकवाल्या अंकलना आणायला गेलेय.

पावसाळाभर बाहेरचा गंज मी घासला, दस्त्याला तेल मी लावलं. तू सुट्टीवर आलास आणि डॅडींनी ती तुला देऊन टाकली. निकोलला काही वाटणार नाही, असं तू त्यांना म्हणालास. मला वाटलं. अजून वाटतंय.

बंदूक भरलेली आहे हे डॅडींना तू सांगू नकोस. ते मी सांगणार.

निकोल