पाय वाचनालयात, मी फुटपाथवर

मी, खाली सही करणारा, धंद्याने लिफ्ट दुरुस्त करणारा, सध्या घरी बसलेला, डाव्या पायाने गुडघ्याच्या वरपासून मोकळा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या अकलेने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो वाचून माझ्या बहिणीला हसू आले, त्याला माझा इलाज नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. भाच्याकडे एखादे निघाले तर ते खोटे समजावे.

कलम पहिले, घर. तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर माझ्या स्वकष्टार्जित मालकीचे आहे. हा शब्द वकिलांचा. घर पायाच्या नुकसानभरपाईतून आले, तेव्हा कष्ट नेमके कोणाचे हा प्रश्नच आहे, पण लिहिले. मागची खोली आणि स्वयंपाकघर माझ्या मोठ्या बहिणीला, म्हणजे ताईला, द्यावे. तिने माझी खुर्ची ढकलली, माझी उशी बदलली आणि माझी चिडचिड ऐकून घेतली. तिच्या हयातीत तिला तिथून कोणी हलवू नये, तिच्या पोटच्या मुलानेसुद्धा.

पुढच्या खोलीचे वेगळे आहे. सगळे भांडण त्या खोलीचे आहे, म्हणून ते नीट सांगतो.

कलम दुसरे, पाटी. माझ्या पलंगाखाली पत्र्याची एक पाटी आहे. तिच्यावर मी स्वतः लाल रंगाने लिहिले आहे, ‘आत माणूस आहे. बटण दाबू नये.’ पाय गेला त्या दिवशी मी एका सहा मजली इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो होतो आणि वर दारावर ही पाटी लावली होती. ज्यांना लिफ्टचे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, लिफ्ट वर जाते तेव्हा दुसऱ्या बाजूने तिला तोलणारे लोखंडी वजन खाली येते. इमारतीच्या सेक्रेटरीकडे पाहुणे आले होते. मी बंद केलेला वीजपुरवठा सेक्रेटरींनी सुरू केला, पाटी बाजूला सरकवली आणि बटण दाबले. लिफ्ट वर गेली, वजन माझ्या पायावर आले. नंतर ते सगळ्यांना सांगत होते, “अहो, पाटी होती खरी, पण घाईत कोण वाचत बसतं?”

सदर पाटी मी सेक्रेटरींना ठेवत आहे. आता त्यांना घाई नसावी. निवांत वाचावी. हे वाक्य काढा असे वकिलांनी दोनदा सुचवले. काढणार नाही.

कलम तिसरे, वाचन. शाळा सुटल्यापासून मी वायरिंगच्या नकाशाखेरीज काही वाचले नव्हते. इस्पितळात शेजारच्या खाटेवरचा पेशंट घरी जाताना एक जाडजूड कादंबरी विसरून गेला. तिला कव्हर नव्हते, पहिली काही पाने नव्हती, त्यामुळे तिचे नाव मला आजतागायत ठाऊक नाही. एक माणूस जहाजावर चढतो आणि तिथून उतरतच नाही, एवढे आठवते. मला तेव्हा नसलेल्या पायाचा अंगठा दुखायचा. कापून टाकलेला अंगठा दुखतो, हे सांगितले की लोक माझ्याकडे दयेने बघायचे, आणि डॉक्टर म्हणायचे, “होतं असं, जाईल हळूहळू.” गोळ्यांनी गेला नाही. त्या जहाजावर मात्र गेला. तो माणूस डेकवर फेऱ्या मारायचा आणि त्याच्याबरोबर मी मारायचो, दोन्ही पायांनी, रेलिंगला हात न लावता. नर्स ताप बघायला आली की मला चिडल्यासारखे व्हायचे, कारण खाली यावे लागायचे.

तेव्हापासून मी वाचतो. यात विद्वत्ता काही नाही. लोक याला छंद म्हणतात, भावोजी ‘टाइमपास’ म्हणतात. पुस्तकात मला दोन पाय असतात, एवढेच कारण आहे, आणि ते मला पुरे आहे.

कलम चौथे, वाचनालय. ते समोरच्या रस्त्यावर आहे, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. जिना लाकडी, अरुंद, मधेच वळणारा. उभे आयुष्य लोकांना वर पोचवण्यात घालवलेल्या माणसाच्या नशिबी हा एक मजला यावा! मी समितीला फुकट लिफ्ट बसवून देतो म्हणालो. अध्यक्ष म्हणाले, “इमारतीला झेपणार नाही.” दोघांनी उचलून नेतो, असेही त्यांनी सुचवले. एकदा नेले. वळणावर खुर्ची अडकली, मी तिथेच अर्ध्यात, आणि खालून वर जाणारे, वरून खाली येणारे सगळे माझ्याकडे बघत उभे. पुन्हा गेलो नाही.

मग मी डोके चालवले. वाचनालयाच्या खिडकीवर एक कप्पी बसवून घेतली, दोराच्या एका टोकाला टोपली आणि दुसऱ्या टोकाला वजन. वजन म्हणून काय लावावे? इस्पितळाने दिलेला कृत्रिम पाय माझ्याकडे पडून होता. तो मला कधीच बसला नाही, चालताना सोलून काढायचा. तोलून बघितला, टोपलीला अगदी बरोबर. ज्या वजनाने पाय नेला त्याच्या जागी मी पायच टांगला. टोपलीतून पुस्तक खाली आले की पाय वर वाचनालयाच्या खिडकीपाशी जायचा. म्हणजे इतकी वर्षे माझा पाय वाचनालयात जात होता आणि मी फुटपाथवर तोंड वर करून बसत होतो.

पण टोपलीत काय यायचे, ते ऐका. ग्रंथपाल बाई मनाने सोन्यासारख्या, आणि तीच अडचण.

मी खालून ओरडायचो, “बाई, एखादं खुनाचं द्या!”

त्या खिडकीतून म्हणायच्या, “अहो, तुम्हाला कशाला ते खूनबिन? हे वाचा. याला दोन्ही हात नव्हते, तरी डोंगर चढला.”

“चढू दे की त्याला! मला खून हवाय.”

“वाचून तर बघा. हिंमत येते.”

मला हिंमत नको होती. हिंमत घरात भरपूर होती, ती वापरायला जागा नव्हती. बिनहाताचे, बिनपायाचे, आंधळे, सगळे डोंगर चढणारे माझ्या टोपलीतून आले. ताईने वाढदिवसाला दिले ते तसलेच, डॉक्टरांनी दिले तेही तसलेच. मी तेही वाचले. दुसरे काय करणार? मधूनच एखादे खुनाचे, एखादे समुद्राचे चुकून यायचे आणि माझे चार दिवस बरे जायचे. कपाटासमोर उभे राहून, हे काढून बघ, ते ठेवून दे, कोपऱ्यातले धुळीचे उपस, असे मला आयुष्यात एकदाही करता आले नाही. मी शेकडो पुस्तके वाचली, त्यातले एकही माझ्या हाताने निवडलेले नाही. याचा मला राग आहे. तो इथे नोंदवून ठेवतो.

गेल्या वर्षी दोर झिजून तुटला आणि पाय अध्यक्षांच्या स्कूटरवर पडला. आरसा फुटला, माणसाला काही झाले नाही. दुसऱ्याच दिवशी टोपली बंद, पाय वर वाचनालयात जप्त. मी अध्यक्षांना म्हणालो, “माझी पुढची खोली घ्या. रस्त्याला लागून आहे, जिना नाही. दोन-चार कपाटं खाली आणा. ज्यांना चढवत नाही ते इथे येतील.”

ते म्हणाले, “कल्पना छान आहे हो, पण तुम्ही त्या खोलीत राहता. राहत्या घरात शाखा काढता येत नाही. नियम आहे.”

“मग ती नियमात कधी बसेल?”

त्यांनी नुसते माझ्या खुर्चीकडे बघितले. मी समजलो. मी मेलो की बसेल.

कलम पाचवे, पुढची खोली. सबब, माझ्या मृत्यूनंतर पुढची खोली वाचनालयाला द्यावी. अटी अशा: वर्षाच्या आत तिथे पुस्तके यावीत. दाराचा उंबरा काढून जमीन रस्त्याशी सपाट करावी. कपाटांना कुलूप असू नये, आणि खुर्चीत बसलेल्या माणसाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर एकही पुस्तक ठेवू नये. कृत्रिम पाय वाचनालयातून परत आणून दाराला टेकवून ठेवावा, म्हणजे दार वाऱ्याने बंद होणार नाही. त्या पायाकडून उभ्या जन्मात एवढे तरी काम व्हावे.

अध्यक्षांना हे झेपले नाही, तर खोली भाच्याला जावी. त्याचा तिच्यावर डोळा आहे हे सगळ्यांना माहीत आहे. परवा तो टेप घेऊन आला आणि मी खोलीत असताना मापे घेऊ लागला. मला म्हणाला, “मामा, जरा खुर्ची सरकवता? कोपरा राहिलाय.” मी सरकवली. मग म्हणाला, “मोबाइलचं दुकान काय धावेल इथे! पण तुम्ही निवांत वाचा हं मामा, मला काही घाई नाही.” मुलगा वाईट नाही. फक्त मी अजून आत आहे, हे त्याच्या लक्षात राहत नाही. अध्यक्षांनी चालढकल करू नये म्हणून त्याचे नाव इथे घातले आहे. त्याने दर महिन्याला अध्यक्षांकडे जाऊन खोलीची चौकशी करावी, तो त्याचा हक्क आहे.

कलम सहावे, किरकोळ. माझे पाने, पक्कड, टेस्टर आणि हत्यारांची पेटी भाच्याला. पेटीतल्या वस्तूंची नावे तरी शिकावीत. भावोजींनी एकदा जेवताना, मी अर्ध्यावर असताना, खुनी कोण ते सांगून टाकले होते. वर म्हणाले, “त्यात काय एवढं? कळणारच होतं.” त्यांना मी माझ्या मालकीची एकुलती एक रहस्यकथा ठेवतो. पुस्तक फाडणारा मी नव्हे, पण तिचे शेवटचे प्रकरण खिळखिळे होऊन सुटले आहे. ते ताईकडे राहील. भावोजींनी कितीही विनवण्या केल्या तरी तिने ते देऊ नये.

ग्रंथपाल बाईंना मी काहीही ठेवलेले नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकील म्हणाले, आणि साक्षीला मला बाईच हव्या होत्या.

कलम सातवे. हे आधी नव्हते, आज घातले. काल बाई कच्चा मसुदा वाचायला घरी आल्या. चौथ्या कलमापाशी त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. मग म्हणाल्या, “एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एकदाही नीट विचारलं नाही. आता विचारते. खोलीत कपाटं लागली आहेत असं समजा. तुम्ही दारातून आत आलात. आधी कुठल्या कपाटाकडे जाल?”

मी तोंड उघडले. खून म्हणणार होतो. समुद्र म्हणणार होतो. बाई थांबल्या होत्या. मला सांगता येईना. दारातून आत गेल्यावर माणूस आधी कुठे वळतो, हे मला माहीतच नाही.

म्हणून शेवटची अट. ती खोली उघडेल त्या दिवशी खुर्चीवरून, कुबडीवरून, काठी टेकत जो कोणी पहिला आत येईल, त्याला “काय हवंय?” असे कोणीही विचारू नये. त्याला फिरू द्यावे. त्याने काहीच न घेता संध्याकाळपर्यंत नुसते फिरायचे ठरवले, तर दिवे लावावेत आणि दार उघडे ठेवावे.

वरील मजकूर मी वाचला, मला समजला, आणि तो माझ्याच रागाने लिहिला आहे.

सही: लिफ्टवाला

साक्षीदार पहिला: डॉक्टर. डोके तपासले, सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दुसरी: ग्रंथपाल बाई. सही माझ्यासमोर झाली. काहीही सुचवले नाही.

ठिकाण: पुढची खोली, उंबऱ्याच्या आत.
दिनांक: वाचनालयाच्या साप्ताहिक सुट्टीचा वार.